आतल्या बाजूची पिवळी अक्षरे

सुज्ञ वाचकहो, चार चाके आणि त्यांवर चढविलेले चार टायर, एवढ्याच विषयाची ही कथा आहे. विषय लहान आहे हे मी प्रारंभीच मान्य करतो. परंतु फ्लिंट शहरातील मोटारींच्या कारखान्यात एकतीस वर्षे काढल्यावर मला एवढे उमगले आहे, की मोटार जमिनीला जिथे टेकते ती जागा तळहाताएवढीच असते, आणि माणसांचे संसार त्या चार तळहातांवर धावत असतात. ज्याने आयुष्यभर छापील आकड्यावर विश्वास ठेवला आणि ज्याला अखेरीस एका आकड्यानेच दगा दिला, त्या लेस्टर पिव्होन्काच्या पाच दिवसांची हकिकत मी आता सांगणार आहे. ज्या क्रमाने घडले, त्याच क्रमाने सांगेन.

“त्या चाकांना कोणी हात लावायचा नाही, आधीच सांगून ठेवते!”

टायरांच्या दुकानात अल्मेडा स्टिडम पर्स पोटाशी धरून आपल्या शेव्हल मोटारीच्या पुढच्या चाकापाशी अशी उभी होती, की जणू कोणी तिच्या अंगावरचा दागिनाच उतरवायला आले आहे. गाडीच्या पलीकडे तिचा नवरा एल्डन हसत उभा होता. गाडी १९७० सालची. लाल रंगाची, पाठीवर दोन रुंद काळे पट्टे असलेली, आणि चालू झाली म्हणजे दुकानाच्या काचा थरथरविणारी. सतरा वर्षे ती स्टिडमांच्या गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. फौंड्रीतून निवृत्त झाल्यावर एल्डनने दोन हिवाळे खर्ची घालून तिचे इंजिन उकलले, जोडले, जुना रंग खरवडला, नवा चढविला. आणि १९९४ च्या ऑगस्टातल्या त्या सोमवारी भेगाळलेल्या जुन्या टायरांवर, चालत्या माणसाच्या गतीने, तिला येथवर आणली.

“हात न लावता टायर कसे बदलू, अल्मेडा? नुसती प्रार्थना म्हणू?” लेस्टरने विचारले.

“टायर बदल की. चाकं तीच राहू देत. माझ्या वडलांनी हीच चाकं पाहिली होती.”

“पाहिली, आणि काय म्हणाले तेही सांग,” एल्डन म्हणाला. “म्हणाले, ‘ही मोटार नव्हे पोरा, ही नुसती घाई आहे.’ चोवीस वर्षं झाली, अजून टोचतंय मला.”

“खोटं नव्हते बोलले ते.”

येत्या शुक्रवारी ते दोघे केंटकीला निघायचे होते. तिथल्या डोंगरातल्या चर्चच्या आवारात दरवर्षी ऑगस्टात सगळे गणगोत जमते, आईबापांच्या थडग्यांवरचे गवत काढते आणि तिथेच झाडाखाली पंगत मांडून जेवते. आईला पुरल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, अल्मेडा तिकडे गेलेली नव्हती. ज्या गाडीने आपण सत्तर साली तुझ्या वडिलांच्या दारात उतरलो, त्याच गाडीने तुला पुन्हा नेईन, असा शब्द एल्डनने तिला दिला होता. फ्लिंटमधली अर्धी माणसे अशीच दक्षिणेच्या डोंगरांतून आलेली; शब्द दिला की दिला, आणि मग तो पुरा होईपर्यंत त्यांना झोप लागत नाही.

लेस्टर अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्यातली अडतीस वर्षे त्याने याच दुकानात, याच यंत्रापुढे काढली होती. नववीनंतर त्याची शाळा सुटली. ज्याची शाळा लवकर सुटते त्याच्या मनात छापलेल्या अक्षराविषयी जो एक आदर राहून जातो, तो त्याच्याही मनात होता. टायरच्या बाजूवर कोरलेला प्रत्येक आकडा तो चष्मा वर सारून, बोट फिरवून वाचीत असे. “माणूस खोटं बोलतो,” तो म्हणे, “साचा बोलत नाही.”

एल्डनच्या मनात निराळेच होते. त्याला पंधरा इंची, पाच दांड्यांची, आरशासारखी घासलेली चाके हवी होती आणि मागे दोन रुंद टायर. त्याच्या ऐन उमेदीत रस्त्यावरच्या पोरांकडे असत तसे. लेस्टरने नाही म्हटले नाही. त्याने तसले एक चाक आणून मागे बसविले, मडगार्डच्या आतल्या काठाला मुलांच्या खेळण्यातली मऊ माती चिकटविली आणि एल्डनला म्हणाला, “बस मागे. दोघंही बसा. आता उड्या मारा.”

“या वयात?” अल्मेडा म्हणाली.

“केंटकीचे रस्ते वय विचारणार नाहीत.”

दोघे मागल्या बाकावर बसून उड्या मारू लागले, तेव्हा हिशेबाच्या टेबलामागे बसलेली बर्निस, म्हणजे दुकानमालकाची बहीण, ओरडली, “अगं बाई, लग्नाला चाळीस वर्षं झाली तुमच्या, जरा लाजा! लोक जाताहेत रस्त्यानं!”

लेस्टरने वाकून पाहिले. मातीवर टायरने खोल ओरखडा काढला होता. “घासतोय,” तो म्हणाला. “सामान भरून खड्ड्यात गेलास की कापला जाईल. तुझ्या बायकोचं खरं आहे. कारखान्यानं जी चाकं दिली, तीच बरी.”

“दोघं एक झालात माझ्याविरुद्ध.”

अशा रीतीने चाकांचा प्रश्न मिटला. राहिला टायरांचा. चौदा इंची चाकांना चालेल असा एक साधा, काळा, बाजूला बारीक पांढरी रेघ असलेला टायर लेस्टरने पुढे घरंगळत आणला. तो नवा होता, मजबूत होता, आणि दिसायला अत्यंत सामान्य होता. एल्डनने त्याच्याकडे पाहून तोंड फिरविले.

“हा? हा आज्यांच्या मोटारीचा टायर आहे, लेस. हा घालून मी तिथं उतरलो, तर हिचे चुलतभाऊ विचारतील, ‘एल्डन, प्रेतगाडी चालवायला लागलास का?’”

सगळे हसले. लेस्टरही हसला. त्या हसण्यातच त्याने ते दोन शब्द उच्चारले, जे पुढे त्याला उभ्या आयुष्यात परत घेता आले नाहीत. तो म्हणाला, “थांब, बघतो.”

एल्डनला जे हवे होते ते त्याला पुरते ठाऊक होते: रुंद, उठावदार पांढऱ्या अक्षरांचे, सत्तर सालच्या नक्षीचे टायर. ‘लाल कोंबडा’ छापाच्या कंपनीने त्याच वर्षी जुन्या साच्यांवर जुनी नक्षी पुन्हा काढल्याचे त्याने ऐकले होते. त्याने मंगळवारी सात ठिकाणी फोन केले. कोठेही नव्हते. बुधवारी दुपारी त्याला लपीर गावच्या एका बाईचा पत्ता लागला. तिचा नवरा टायरांचा धंदा करीत असे. तो मे महिन्यात वारला होता, आणि माल तसाच पडून होता.

ती बाई त्याला मागच्या छपराखालच्या माळ्यावर घेऊन गेली. वर पत्रा होता. पत्र्याखाली अशी काही उष्णता कोंडली होती, की शिडीच्या शेवटच्या पायरीवर लेस्टरचा श्वास अडला. कोपऱ्यात काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले चार टायर होते.

“हे कधी आणले त्यांनी?” लेस्टरने विचारले.

“मला काय माहीत, बाबा. तो कधी काय आणी आणि कुठं ठेवी, हे त्याच्या देवाला ठाऊक. मी चाळीस वर्षांत ही शिडी चढले नव्हते.”

त्याने प्लास्टिक फाडले. आत जे निघाले ते पाहून त्याला मनापासून आनंद झाला. नव्या टायरला साच्यातून निघताना जे बारीक रबरी केस राहतात, ते अजून तसेच उभे होते. पांढऱ्या अक्षरांवरचा निळा संरक्षक रंगही पुसलेला नव्हता. नक्षीवर लाल कोंबड्याचे कागदी लेबल चिकटलेले होते. त्याने चष्मा वर सारला, टायर उजेडाकडे वळविला आणि बाजूवरच्या आकड्यांवरून बोट फिरविले. शून्य, आठ, चार.

टायरवर जन्मतारीख असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, तिसरा वर्षाचा. आठवा आठवडा, चौथे वर्ष. म्हणजे याच वर्षीचा फेब्रुवारी. मालक मे महिन्यात गेला. त्याआधी त्याने हे मागविले असणार. सारे जुळले. चारही टायरांवर तोच आकडा होता.

“भट्टीतून काढलेल्या पावासारखे आहेत, बाई,” तो आनंदाने म्हणाला.

“मग घेऊन जा बाबा,” ती म्हणाली. “मला इथं वर गुदमरायला होतं.”

गुरुवारी सकाळी त्याने ते टायर चढविले.

येथे त्याच्या एका सवयीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. टायर चाकावर चढविण्यापूर्वी लेस्टर त्याच्या आतल्या बाजूस पिवळ्या मेणखडूने आपल्या नावाची दोन अक्षरे आणि तारीख लिहीत असे. ज्या म्हाताऱ्याने त्याला हे काम शिकविले, त्याची ही शिकवण होती. म्हातारा म्हणे, “हे जगात कोणाला दिसायचं नाही. पाच वर्षांनी हा झिजलेला टायर काढशील, तेव्हा फक्त तुला दिसेल. त्या दिवशी मान खाली गेली नाही, तर समज, भाकरी हक्काची खाल्लीस.” अडतीस वर्षांत लेस्टरने हजारो वेळा आपली अक्षरे परत पाहिली होती, आणि त्याची मान एकदाही खाली गेली नव्हती.

त्या दिवशीही त्याने चारही टायरांत अक्षरे लिहिली. परंतु पहिला टायर यंत्रावर ठेवला, तेव्हा कडा रिमवर उतरेना. साबणाचे पाणी दोनदा लावावे लागले. यंत्र कण्हले. कडा जागेवर बसली ती अशा कोरड्या आवाजाने, की बर्निसने टेबलामागून मान वर केली.

“काय मोडलं रे?”

“काही नाही. ताठर आहेत. नव्या घोड्यासारखे.”

त्याने तळहात टायरच्या बाजूवरून फिरविला. त्याच्या हातांना काहीतरी सांगायचे होते. नवे रबर बोटाला जरासे धरते. हे धरीत नव्हते. नव्या रबराचा वास नाकात चढतो. येथे पावसाळी तळघराचा यावा तसा एक मंद, शिळा वास होता. तो क्षणभर थांबला. पुन्हा चष्मा वर करून त्याने आकडा वाचला. शून्य, आठ, चार. साचा खोटे बोलत नाही. आणि डोळ्यांनी हातांना गप्प बसविले.

निळा रंग धुऊन काढल्यावर पांढरी अक्षरे अशी झळकली, की रस्त्याने जाणाऱ्या दोन मोटारी थांबल्या. एल्डन गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आला. मग त्याने लेस्टरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “लेस,” तो म्हणाला, “मला सत्तर साल परत आणून दिलंस.”

बर्निसने सोललेल्या लेबलांपैकी एक उचलून आपल्या फोनशेजारी चिकटविले. “कोंबडा गोड आहे मेला,” ती म्हणाली.

अल्मेडा मात्र गाडीत बसून बाहेर पाहत होती. “शुक्रवारी निघू नये,” ती म्हणाली. “माझी आई शुक्रवारी नवी शिवणसुद्धा घालत नसे.”

“तुझी आई शनिवारीही काही करत नसे,” एल्डन म्हणाला. “लेस, सांग हिला. टायर ठीक आहेत ना?”

“हजार मैल पळव,” लेस्टर म्हणाला. “माझं नाव आहे आत.”

शुक्रवारी सकाळीच उन्हाने डांबर मऊ केले होते. साडेदहाच्या सुमारास नवा माल घेऊन ट्रक आला. ट्रकवाला गस हा थट्टेखोर मनुष्य. तो टायर उतरवीत होता आणि बर्निस यादी ताडून पाहत होती. एका टायरवर बोट ठेवून ती म्हणाली, “लेस्टर, हा आकड्यांपुढे चिमुकला त्रिकोण कसला रे? सगळ्यांवर दिसतोय.”

“साच्याची खूण असेल.” लेस्टरने तो त्रिकोण पूर्वीही पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी असेच समजून सोडून दिला होता.

“साच्याची खूण!” गस हसला. “अडतीस वर्षं टायर चाटलेस, आणि हे ठाऊक नाही? अरे, वर्षाला आकडा एकच. चार म्हणजे चौऱ्याण्णव, की चौऱ्याऐंशी, की चौऱ्याहत्तर? कसं कळणार? म्हणून नव्वदनंतर कंपन्यांनी हा त्रिकोण टाकायला घेतला. त्रिकोण असला की या दशकातला माल. नसला तर... नसला तर मग देवच जाणे.”

लेस्टरच्या हातातला टायर खाली ठेवला गेला. पडला नाही, त्याने तो अत्यंत हळू ठेवला. तो डोळे मिटून उभा राहिला आणि माळ्यावरच्या त्या उजेडात त्याने पुन्हा बोट फिरविले. शून्य. आठ. चार. आणि त्यापुढे गुळगुळीत काळे रबर.

“बर्निस,” तो म्हणाला, “तो कोंबडा दे.”

“कोणता कोंबडा?”

“फोनपाशी लावलायस तो.”

तिने लेबल सोलून दिले. कोंबड्याच्या पायाखाली, गवताच्या पात्यांसारख्या बारीक अक्षरांत, छापखान्याचे नाव आणि साल होते. त्याने ते खिडकीशी धरले. १९७४.

वीस वर्षे ते टायर त्या पत्र्याखाली भाजले गेले होते. प्लास्टिकमुळे ऊन लागले नाही, म्हणून कातडी ताजी राहिली. आतल्या दोऱ्यांचा आणि रबराचा सांधा मात्र वीस उन्हाळे शिजत होता. उभ्या गाडीला ते आणखी वीस वर्षे शोभले असते. परंतु भरल्या गाडीखाली, तापल्या रस्त्यावर, ताशी पासष्ट मैलांनी...

त्याने स्टिडमांच्या घरी फोन केला. घंटा वाजत राहिली. शेजारणीला केला. “ते होय? नऊलाच गेले. काय गाडी ती, लेस्टर! अख्खी गल्ली निरोपाला बाहेर आली होती.”

मग त्याने महामार्गाच्या पोलिसांना फोन केला. पलीकडच्या मनुष्याने शांतपणे विचारले, “गुन्हा काय घडला आहे, साहेब?”

“अजून काही नाही.”

“मग अपघात?”

“अजून नाही,” लेस्टर म्हणाला. “लाल शेव्हल आहे. काळे पट्टे. कोणी दिसली तर थांबवा. फक्त थांबवा.”

“निरोप लिहून घेतो, साहेब.”

त्याने दुकानाच्या ट्रकमध्ये चार साधी लोखंडी चाके टाकली. त्यांवर तेच सामान्य, काळे, आज्यांच्या मोटारीचे टायर होते. बर्निस दारात उभी राहिली. “लेस्टर, दीड तासापूर्वी गेलेत रे ते. गाठणार कसे?”

“अल्मेडा दर तासाला उतरते. गुडघे धरतात तिचे. शिवाय जेवायला थांबतील.”

“आणि नाही थांबले तर?”

त्याने ट्रक चालू केला.

फ्लिंटहून दक्षिणेकडे जाणारा तो महामार्ग सरळ आहे, आणि त्या दिवशी तो दूरवर पाण्यासारखा लकाकत होता. रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या फाटलेल्या टायरांचे काळे, वेटोळे झालेले तुकडे पडलेले असतात. ट्रकवाले त्यांना मगरी म्हणतात. लेस्टरने त्या हजारदा पाहिल्या होत्या. परंतु त्या दिवशी प्रत्येक मगर दुरून दिसली की त्याचा पाय आपोआप उचलला जाई, आणि ट्रकचा तुकडा आहे एवढे रुंदीवरून कळले की तो पुन्हा दाबला जाई. अशा रीतीने डेट्रॉइट गेले, टोलेडो गेले. दर विश्रांतिस्थळी तो वळे, उभ्या गाड्यांतून फेरी मारी आणि बाहेर पडे.

फिंडलेच्या अलीकडच्या विश्रांतिस्थळी एक बाई कचऱ्याचे डबे रिकामे करीत होती. लेस्टरने विचारले, आणि तिचा चेहरा खुलला.

“लाल ना? पट्ट्यांची? अहो, इथंच होती की! माणसं गोळा झाली होती भोवती. म्हाताऱ्यानं सगळ्यांना इंजिन उघडून दाखवलं. म्हातारीनं मला तळलेल्या कोंबडीचा तुकडा दिला. मी नको नको म्हणत होते. भली बाई.”

“कधी गेली?”

“झाली असतील वीस-पंचवीस मिनिटं.” मग तिने हातातला डबा खाली ठेवला. “म्हातारी म्हणत होती, बाकाखाली काहीतरी थरथरतंय. तो म्हणाला, ‘रस्ता खराब आहे गं, ओहायोचा रस्ताच असा.’ आम्ही सगळे हसलो.”

लेस्टरने तिचे आभारही मानले नाहीत. त्याची त्याला पुढे कित्येक दिवस खंत वाटली. मागच्या टायरची नक्षी आतून सुटू लागली, की बाकाखाली थरथरते. हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? आता तो मगरींकडे पाहून पाय उचलीत नव्हता. परंतु पाहायचे मात्र चुकवू शकत नव्हता.

फिंडले मागे पडल्यावर सातव्या मैलावर ती मगर होती.

ती रुंद नव्हती. ट्रकच्या तुकड्याच्या निम्मीच होती. तो वेगात तिच्यावरून पुढे गेला, तेव्हा त्याला काळ्या रबरावर पांढरे एक अक्षर दिसल्याचा भास झाला. त्याने ट्रक कडेला घेतला आणि मागे चालत आला. गाड्या सपासप जात होत्या; त्यांच्या वाऱ्याने त्याचा सदरा अंगाला चिकटे आणि सुटे. तुकडा दीड हात लांब होता. एका अंगाला नक्षी, त्यावर अजून दोन रबरी केस उभे. त्याने वाकून तो उलटा केला.

आतल्या बाजूला पिवळी अक्षरे होती. एल. पी. खाली तारीख, आदल्या दिवशीची.

त्याची मान खाली होती. ती तो वर उचलीना.

तुकडा त्याने उचलून घेतला. गरम होता. तसाच तो काखेत धरून तो पुढे चालू लागला. ट्रक मागे राहिला, याचे त्याला भान नव्हते. पुढे उजव्या हाताला मक्याचे उंच शेत होते, आणि त्यात एक वाट पडलेली होती. एखादे मोठे जनावर आत शिरावे तशी. वाटेच्या तोंडाशी पोलिसांची एक गाडी दिवे फिरवीत उभी होती. रुग्णवाहिका येऊन गेली होती. कडेच्या गवतात तिच्या चाकांचे वळ ताजे होते.

शेव्हल मक्यात छतावर उलटली होती. चारही चाके आभाळाकडे. तीन टायर अजून शाबूत, पांढऱ्या अक्षरांनिशी झळकत होते. चौथ्या चाकावर नुसत्या चिंध्या.

एल्डन बांधावर बसला होता. कपाळाला पट्टी, आणि हातात अल्मेडाची पर्स. त्याने वर पाहिले. त्याच्या तोंडावर प्रथम आश्चर्य आले, आणि मग अशी काही कृतज्ञता आली, की लेस्टरला ती पाहवेना.

“लेस? तू आलास?” तो म्हणाला. “तुला कसं कळलं रे?”

लेस्टर त्याच्या शेजारी बांधावर टेकला.

“ती म्हणत होती, थरथरतंय,” एल्डन म्हणाला. “मी म्हटलं, रस्ता. तिला नेलंय. मला पुढच्या गाडीत नेणार आहेत. बोलत होती रे ती, नेताना. म्हणाली, माझी पर्स सोडू नकोस.”

“एल्डन...”

“तू टायर घातले नसतेस, तर आम्ही घरातच असतो. पण तुझा काय दोष? मीच मागे लागलो तुझ्या.” त्याने उलट्या गाडीकडे पाहिले. “चाकं तीच राहिली बघ. तिला सांगायला हवं.”

अल्मेडा फिंडलेच्या इस्पितळात दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेली. केंटकीच्या त्या चर्चच्या आवारात रविवारी पंगत मांडलेली होती. मंगळवारी तिथेच, आईच्या शेजारी, तिच्यासाठी जागा खणली गेली.

त्या शुक्रवारीच संध्याकाळी पाचच्या सुमारास लेस्टर शेरिफच्या कचेरीत गेला. टेबलामागे एक घामाघूम झालेला हवालदार अहवाल लिहीत होता. पंखा कागद उडवीत होता, आणि तो कागदावर कोपर ठेवून लिहीत होता.

“नातेवाईक का तुम्ही?” त्याने विचारले.

“नाही.”

“वाईट झालं. ह्या उन्हात आजचा हा तिसरा टायर. मी लिहिलंय, उष्णता. दुसरं काय लिहिणार?” त्याने कागद फिरवून दाखविला. ‘टायर निकामी. कारण: उष्णता.’ खाली सहीची रिकामी रेघ होती. “त्या आजोबांनाही तेच सांगितलं. म्हटलं, कुणाचा दोष नाही, देवाची मर्जी.”

लेस्टरने काखेतला तुकडा काढून टेबलावर, त्या कागदावर ठेवला. आतली बाजू वर करून.

हवालदाराने प्रथम तुकड्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “हे एल. पी. काय आहे? कंपनीचं नाव?”

“नाही.”

“मग?”

लेस्टरने सदऱ्याच्या खिशात हात घातला. अडतीस वर्षे ज्या खिशात होता, त्याच खिशात पिवळा खडू होता. त्याने चष्मा वर सारला नाही. वाकून, एका हाताने रबर धरून, त्याने त्या दोन अक्षरांखाली आपले नाव, आडनाव आणि दुकानाचा पत्ता, एकेक अक्षर सुटे काढीत, सावकाश लिहिला. मग खडू टेबलावर ठेवला, आणि हवालदाराने बसायला सांगेपर्यंत उभा राहिला.

येथे कथा संपते. जे वाचक शेवटपर्यंत माझ्या सोबत आले, त्यांनी आपला बहुमोल वेळ मज अल्पशिक्षिताच्या हाती दिला, याबद्दल मी त्यांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लिहिण्यात काही चुकले असेल तर ते माझेच आहे, म्हणून लेस्टरप्रमाणे मीही खाली माझे नाव पुरते लिहितो.

यशवंत गणपत भोईटे,
फ्लिंट, मिशिगन.